विटाळ नको, पण सव्वा महिना हवा: ख्रिस्ती आईची बाळंतपणानंतरची तयारी

माझ्या पहिल्या बाळंतपणात बाराव्या दिवशी घरी उपकारस्तुतीची प्रार्थनासभा ठेवली होती. चाळीसेक माणसं आली. सतरंजीवर बसलेल्या मंडळींना चहा मीच नेऊन दिला. ‘अगं, बाळंतीण आहेस, बस’ असं कोणी म्हणालं नाही, आणि मलाही ते सुचलं नाही. आपण सोयर पाळत नाही, विटाळ मानत नाही, मग खोलीत बसून राहायचं कारणच काय? तेराव्या दिवशी ताप भरला, टाके चिघळले.

त्याच महिन्यात शेजारची सूनही बाळंत झाली होती. तिला सव्वा महिना चुलीजवळ येऊ दिलं नाही. तिला ‘शिवू नका’ म्हणून विश्रांती मिळाली. मला ‘शिवलं तरी चालतं’ म्हणून मिळाली नाही. आपल्या आजोबा-पणजोबांनी ख्रिस्त स्वीकारला तेव्हा विटाळ टाकला, हे योग्यच केलं. पण त्या गाठोड्यात विश्रांतीही बांधलेली होती, तीही बरोबर गेली. ती परत आणायची तर ठरवून, आधीपासून आणावी लागते. मी दुसऱ्या वेळी सातव्या महिन्यापासून सुरुवात केली, तसंच खाली लिहिते आहे.

कोणी ‘हे आपल्यात नसतं’ म्हणालं तर बायबलमधलं लेवीय १२ उघडून दाखवा. मुलगा झाल्यास ७ आणि ३३, म्हणजे ४० दिवस. मुलगी झाल्यास ८०. आपला सव्वा महिना साधारण तेवढाच. लूकच्या दुसऱ्या अध्यायात येशूची आई मरीया मंदिरात जाते ती हे दिवस भरल्यावर. आपण त्या नियमशास्त्राखाली नाही, आणि तिथंही भाषा शुद्धतेचीच आहे. पण तेवढे दिवस त्या बाईला कुठं जावं लागत नव्हतं, हेही खरं. गर्भाशय पूर्वीच्या आकाराला यायला डॉक्टरही साधारण ६ आठवडे सांगतात. मला दोन्ही मुलीच असल्यामुळे ८० दिवसांचा हिशोब विशेष आवडतो, पण तो घरात कोणी मान्य केला नाही.

सातवा महिना: कुठं, कोण आणि पैसे

पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत आपल्यातही आहे. पण माहेरी आईची गुडघेदुखी असेल, वहिनी नोकरी करत असेल, तर नुसत्या रीतीवर जाऊ नका. एकच प्रश्न विचारा: रात्री दोन वाजता बाळ माझ्या हातातून कोण घेणार? त्याचं उत्तर ज्या घरात आहे, तिथं बाळंतपण करा. उत्तर ‘नवरा’ असेल तर फारच चांगलं, पण मग त्याची रजा आत्ताच मागायला हवी. खासगी नोकरीत वडिलांना रजा देण्याची कायद्यानं सक्ती नाही, त्यामुळे त्यानं साठवलेली रजाच कामाला येते. ती दवाखान्याच्या दिवसांत उधळू नये. तिथं नर्स असतात, आई असते, मावश्या असतात. खरी गरज दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात लागते, पाहुण्यांचा उत्साह ओसरल्यावर.

तुमची स्वतःची रजा: १० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांत २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन बाळांसाठी २६ आठवडे भरपगारी रजा आहे, त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे प्रसूतीआधी घेता येतात. आधीच्या १२ महिन्यांत निदान ८० दिवस काम झालेलं असावं लागतं. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पात्र आईला पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये मिळतात, दुसरं अपत्य मुलगी असल्यास ६,०००. फॉर्मसाठी अंगणवाडीत किंवा आशाताईंकडे जा. बँक खातं आधारला जोडलेलं आहे ना, हे आत्ताच बघा. बाळ कडेवर घेऊन बँकेच्या रांगेत उभं राहणं नको. नेण्या-आणण्यासाठी सरकारी रुग्णवाहिकेचा १०२ हा नंबर घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असू द्या.

आठवा महिना: मंडळीचा डबा

आपल्याकडे एक मोठी गोष्ट आहे जी शेजारच्या सुनेकडे नव्हती. ती म्हणजे मंडळी, आपल्या चर्चची माणसं. पण मंडळीचं प्रेम मोकळं सोडलं तर ते भेटीला येतं आणि चहा पितं. त्याला वळण लावलं तर ते डब्यातून येतं.

महिला मंडळाच्या सेक्रेटरीबाईंशी आठव्या महिन्यातच बोला. संकोच वाटेल, मला इतका वाटला की मी नणंदेला पुढं केलं. मागणी नेमकी ठेवा: ‘तीन आठवडे, एक दिवसाआड, दुपारचा डबा.’ म्हणजे दहा-अकरा डबे होतात, आणि दहा-अकरा घरं कुठल्याही मंडळीत निघतात. यादी तुमच्याकडे नको. एखाद्या वहिनीनं व्हॉट्सॲपवर यादी करावी, आदल्या दिवशी आठवण करावी, आणि ‘आज मला जमत नाही’ हा फोनही तिलाच जावा.

डब्यांचे काही नियम मी घातले होते, ते जसेच्या तसे देते. डबा बारापर्यंत यावा. तिखट कमी. डब्यावर नाव चिकटवलेलं असावं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, डबा रिकामाच परत जाईल. रिकामा डबा परत देऊ नये, निदान साखर तरी घालावी, हे आपल्या हाडात इतकं मुरलेलं आहे की पहिल्या वेळी मी टाके असताना रवा भाजत बसले होते. हा नियम वहिनीनं सगळ्यांना आधीच सांगून टाकला, तेव्हा दोघीतिघींना उलट हायसं वाटलं.

डबा आणणाऱ्यांना आत यायचं असेल तर पंधरा मिनिटं. हात साबणानं धुवून. सर्दी-खोकला असेल तर दारातूनच सलाम. बाळाचा पापा कोणीही घ्यायचा नाही. पाळकसाहेबांना, म्हणजे चर्चच्या पाद्रींना, हे सांगायचं काम नवऱ्याचं. आमचे पाळकसाहेब फार प्रेमळ, पण त्यांची प्रार्थना उत्पत्तीपासून सुरू व्हायची. त्यांना नवऱ्यानं हसत सांगितलं, ‘साहेब, बाळंतिणीला फार वेळ बसवत नाही.’ त्यांनी स्तोत्र २३ म्हटलं, आशीर्वाद दिला आणि दहा मिनिटांत निघाले. बाराव्या दिवसाची उपकारस्तुतीची सभा ठेवायची तर ती चर्चमध्ये किंवा दिराच्या घरी ठेवा. नाहीतर सव्वा महिन्यानंतर ठेवा. प्रभू तोवर थांबेल.

घर रिकामं आणि दूर असेल, पुण्यात दोघंच, किंवा दुबईत, तर मंडळीऐवजी इमारतीतल्या दोन बायका आणि दोन महिन्यांसाठी लावलेली कामवाली बाई हीच तुमची यादी. बाळ-बाळंतिणीला तेल लावून न्हाऊ घालणारी बाई ठरवणार असाल तर तीही आत्ताच ठरवा. चांगल्या बायका लगेच अडकतात.

फडताळ

डिंकाचे लाडू, अळीव, खारीक, बाळंतशेपा, सुंठ. यादी तुमच्या आईला पाठ असेल, मी नव्यानं सांगत नाही. लाडू नवव्या महिन्याच्या सुरुवातीला करून ठेवा. फक्त लाडवांवर भिस्त ठेवू नका. पहिल्या सहा महिन्यांत अंगावर पाजणाऱ्या आईला रोज साधारण ६०० कॅलरी जास्त लागतात, आणि त्या तुपापेक्षा डाळ, अंडी, पालेभाजी, बाजरीची भाकरी, मासे, पायाचं सूप यांतून आलेल्या बऱ्या. आपल्या घरांत मटण-अंडी चालतात, त्याचा फायदा घ्या. ‘बाळंतिणीनं पाणी कमी प्यावं’ असं कोणी म्हणालं तर ऐकून सोडून द्या. तहान लागेल तेवढं प्या, दूध पाजताना तांब्या उशाशीच असू द्या. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या बाळंतपणाबरोबर संपत नाहीत. सरकारी कार्यक्रमात त्या पुढे १८० दिवस देतात.

शेकशेगडीबद्दल एकच. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, आणि त्यानं माणसं झोपेतच दगावतात. शेकायचंच तर गरम पाण्याची पिशवी आहे. ओवा-शेपांची धुरीही बाळाच्या खोलीत नको.

पाचवीची रात्र

हा विषय आधीच बोलून घ्या, कारण पाचव्या दिवशी तुमच्या अंगात वाद घालायची ताकद नसेल. नात्यात किंवा शेजारात कोणीतरी म्हणेलच: आज सटवाई येते, बाळाच्या कपाळावर नशीब लिहिते, उशाशी कोरा कागद आणि पेन ठेवा. आपल्याच घरातली एखादी आजीही हळूच म्हणेल, ‘नुसतं ठेव गं, पूजा थोडीच करायची आहे.’ तिच्यावर तुटून पडू नका. तिनं बाळं दगावताना पाहिलेली असतात. पाचव्या-सहाव्या दिवसाची ती भीती कुठून आली हे तिला माहीत असतं.

आम्ही त्या संध्याकाळी घरातल्या घरात पाच माणसांची प्रार्थना केली आणि स्तोत्र १३९ वाचलं. त्यात स्तोत्रकर्ता म्हणतो की माझा एकही दिवस उगवण्याआधी ते सगळे तुझ्या पुस्तकात लिहिलेले होते. कपाळ, लेखणी, नशीब या सगळ्याला त्याहून सरळ उत्तर मला दुसरं सापडलं नाही. आजीनंही ‘आमेन’ म्हटलं.

काळा दोरा आणि तीट हा तुमच्या घरचा निर्णय. पण डोळ्यांत काजळ घालू नका. त्यानं जंतुसंसर्ग होतो आणि काही काजळांत शिसं असतं. मध चाटवू नका. वर्षाच्या आत मध बाळाला घातक ठरू शकतो. गुटी नको, पाणीही नको. सहा महिने फक्त आईचं दूध, आणि पहिला पिवळसर चीक टाकायचा नाही. कान-नाकात तेल सोडणाऱ्या बाईला प्रेमानं पण ठाम सांगा.

नववा महिना: वचनांची तयारी

इथं मी बहुतेक भक्तीपर सल्ल्यांपासून वेगळी जाते. ‘बाळ झोपलं की रोज अर्धा तास शास्त्र वाचा’ असं कोणी सांगितलं तर वाचू नका. झोपा. एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून ‘आता मरण दे’ म्हणाला तेव्हा, १ राजे १९ मध्ये, दूतानं त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यावरची भाकर दिली, पाणी दिलं, आणि तो पुन्हा झोपला तर झोपू दिलं. परत उठवलं तेही खायलाच. शब्द नंतर आला.

म्हणून वाचनाचं काम नवव्या महिन्यातच उरका. चार-पाच छोटी वचनं मोठ्या अक्षरांत लिहून दूध पाजायच्या जागेसमोर भिंतीवर लावा. यशया ४०:११ मध्ये मेंढपाळ पाजणाऱ्या मेंढ्यांना हळूहळू नेतो. गलतीकरांस पत्र ६:२, ‘एकमेकांची ओझी वाहा’, हे नवऱ्याच्या बाजूला लावा. लहानपणी शब्बाथशाळेत शिकलेली गीतं आठवा. रात्री तीन वाजता डोकं चालत नाही, पण चाल आठवते. बाळाला तीच अंगाई. पाठ असलेलं स्तोत्र १२१ दोन बाजूंचं दूध पाजून होईपर्यंत तीनदा होतं, मी मोजलं आहे.

शुक्रवारची उपास-प्रार्थना, लेंट (ईस्टरआधीचे उपासाचे दिवस), साखळी-उपवास यांतून स्वतःला मोकळं करा. पाजणाऱ्या आईनं उपाशी राहायचं नसतं. आणि एक गोष्ट लिहून ठेवा, म्हणजे नंतर कोणी काही बोललं तरी टिकेल: सिझर झालं तर ते कमी विश्वासाचं चिन्ह नाही. ‘आम्ही नॉर्मलसाठी प्रार्थना केली होती’ हे वाक्य ऑपरेशन झालेल्या बाईसमोर कोणी बोलू नये, पण बोलतात. आपल्याच मिशनच्या दवाखान्यांनी, मिरजेच्या वानलेसनी, नगरच्या बूथनी, कित्येक पिढ्यांच्या आया-बाळांची काळजी घेतली. सुरी धरणारे हातही प्रार्थनेचं उत्तर असू शकतात.

घरी आल्यावर

पहिले सात दिवस पलंगावर, पुढचे सात पलंगाभोवती, त्यानंतर घरात. इतकं सोपं ठेवा. पण पडून राहणं म्हणजे अजिबात न हलणं नव्हे. थोडं थोडं चाला, नाहीतर पायाच्या शिरेत रक्त गोठण्याचा धोका वाढतो. अंगावरून जाणं हळूहळू कमी होत चार ते सहा आठवडे चालू शकतं. कमी झालेलं अचानक पुन्हा लालभडक आणि जास्त झालं तर बहुधा तुम्ही काम जास्त केलं. माझं दुसऱ्या वेळी एकदाच झालं, पाहुण्यांसाठी घर झाडलं त्या दिवशी.

दवाखान्यात प्रसूती झाली तरी आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात, निदान यायला हव्यात. आल्या नाहीत तर फोन करा. बाळाला बीसीजी, पोलिओचा पहिला डोस आणि हिपॅटायटिस बीची लस जन्मल्यावर मिळाली का, कार्डावर बघा. पुढची खेप ६ आठवड्यांनी.

पुढचं मात्र कागदावर लिहून फ्रिजवर लावा आणि घरातल्या सगळ्यांना वाचायला लावा. तासाभरात पॅड पूर्ण भिजणं. ताप. घाण वासाचा स्राव. डोकं जोरात दुखून डोळ्यांपुढं अंधुक होणं. रक्तदाबाचा त्रास बाळंतपणानंतरही होतो. एकाच पोटरीला सूज आणि दुखणं. छातीत दुखणं, धाप लागणं, झटके. बाळ दूध ओढत नसेल, अंग गार किंवा तापलेलं असेल, मिनिटाला ६० पेक्षा जास्त श्वास घेत असेल, तळहात-तळपाय पिवळे दिसत असतील. यातलं काहीही झालं तर आधी गाडी बोलवा, प्रार्थना गाडीत करा.

मन

तिसऱ्या-चौथ्या दिवशी विनाकारण रडू येतं. बऱ्याच जणींना येतं, दोन आठवड्यांत ओसरतं. त्यावर औषध म्हणजे झोप, आणि ‘रड गं’ म्हणणारं एक माणूस.

दोन आठवड्यांनंतरही उदासी हटत नसेल, बाळ झोपलेलं असताना झोप लागत नसेल, बाळाबद्दल काहीच वाटत नसेल, आपण मेलो तर बरं असं मनात येत असेल, तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. अंगावर पाजताना चालणारी औषधंही आहेत. आपल्या मंडळीत अशा वेळी तीन वाक्यं ऐकू येतात: ‘प्रार्थना कमी पडते आहे’, ‘सैतानाचा हल्ला आहे’, ‘देवानं एवढं सोन्यासारखं बाळ दिलं आणि तू रडतेस?’ तिन्ही चुकीची. ताप आला तेव्हा मला कोणी विश्वासाबद्दल विचारलं नव्हतं. स्तोत्र ८८ उघडा. ते अंधारातच संपतं, शेवटी ‘तरीही मी स्तुती करीन’ असं काही येत नाही, आणि तरी ते शास्त्रात ठेवलेलं आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं.

आणखी एक प्रकार क्वचित होतो, पण ख्रिस्ती घरात तो ओळखायला चुकू शकतो. बाळंतीण दोन-तीन रात्री झोपत नाही, फार बोलते किंवा एकदम गप्प होते, कोणाचे तरी आवाज ऐकू येतात म्हणते. ‘प्रभू माझ्याशी बोलतो’, ‘या बाळाबद्दल मला दृष्टान्त झाला’ असं सांगते. घरचे आनंदतात किंवा तिच्यासाठी उपास धरतात, आणि दिवस जातात. हे मनोविकाराचं तातडीचं लक्षण असू शकतं. तिला आणि बाळाला एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी दवाखान्यात न्यायचं. नवऱ्यानं आणि आईनं हा परिच्छेद नवव्या महिन्यातच वाचावा. तुम्हाला स्वतःला तेव्हा तो ओळखता येणार नाही.

नवऱ्याशी आणखी एक बोलणं बाकी असतं, तेही आधीच करा. शरीरसंबंधाची घाई नको. सहा आठवड्यांची तपासणी होऊ द्या आणि त्या तपासणीत पाळणा लांबवण्याबद्दल स्वतःहून विचारा. दवाखान्यात सगळ्या बायकांसमोर विचारायची लाज वाटते, म्हणून चिठ्ठीवर लिहून न्या. पाळी आली नाही म्हणजे दिवस जात नाहीत, असं नसतं.

चाळिसावा दिवस

पहिल्यांदा उपासनेला जाल तेव्हा मागच्या बाकावर, दाराच्या कडेला बसा. दूध पाजायला लागेल, बाळ रडेल, बाहेर जावं लागेल. पिशवीत दोन लंगोट, एक दुपटं, तुमच्यासाठी लाडू. बाप्तिस्मा किंवा समर्पण त्याच दिवशी असलंच पाहिजे असं नाही. ती तारीख पाळकसाहेबांशी स्वतंत्र ठरवा, म्हणजे जेवणावळीचा घाट अंगावर येणार नाही. आभाराच्या पाकिटात किती टाकायचं यावर घरात चर्चा होईल. मरीया आणि योसेफानं दिलेला यज्ञ दोन पक्ष्यांचा होता, म्हणजे ज्यांना कोकरू परवडत नाही त्यांचा. त्यामुळे कर्ज काढू नका.

उपासना सुटल्यावर सेक्रेटरीबाई बाळाचे गाल बघत बघत विचारतील, ‘मग पुढच्या महिन्यात चहाच्या ड्युटीला तुझं नाव लिहू ना?’ त्यांना सांगा, ‘ईस्टरनंतर बघू.’ ईस्टर नुकताच होऊन गेला असेल, तरीही.